सदरहू भाडेकरू

पुण्याच्या पेठांत एके काळी मुंज, लग्न आणि जागा खाली करण्याची नोटीस हे तीन संस्कार बहुतेक घरांवर होऊन जात. पहिल्या दोहोंना मुहूर्त पाहावा लागे. तिसऱ्याला मालकाच्या वकिलाला सवड असली म्हणजे पुरे. ज्यांना नोटीस आलेली नाही अशा बिऱ्हाडाकडे वाड्यातली बाकीची बिऱ्हाडं जरा संशयानंच पाहत. यांचं मालकाशी आतून काही आहे की काय, असा तो संशय. म्हणून आमच्याकडे ती पोचली तेव्हा पलीकडच्या खोल्यांतल्या आजोबांनी तोंडभर हसून मला "या, बसा" म्हटलं. त्यांचा दावा तेव्हा अपिलात होता.

मालक खाली राहत, आम्ही वर. मधे एक काळोखा लाकडी जिना आणि धरायला लोंबता दोर. मालकांना आम्ही काका म्हणायचो. काकांना आम्हाला काही कळवायचं असलं की ते जिन्याच्या तळाशी उभे राहून हाक मारत. पाणी आलं, सिलिंडर आला, तुमच्याकडचा टॉवेल आमच्या अंगणात पडला, सगळा कारभार त्या एका हाकेवर. नोटीस मात्र रजिस्टर पोस्टानं आली. काकांनी ती वकिलांना सांगितली, वकिलांनी टाइप करून घेतली, त्यांच्या कारकुनानं पोस्टात टाकली, तिथून ती छाटणीला गेली, छाटून आमच्या पेठेच्या पोस्टमनच्या पिशवीत आली, आणि पोस्टमन ती घेऊन काकांच्याच ओसरीवरून, काका समोर पेपर वाचत बसलेले असताना, जिन्याकडे वळला. "काय आहे रे?" काकांनी त्याला विचारलंसुद्धा. "वरचं रजिस्टर आहे." "बरं बरं, जा," असं म्हणून काकांनी पेपर पुन्हा वर धरला.

अशा वेळी पाकीट घेऊच नये, परत पाठवावं, असं सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. आमच्याकडेही होती. तिचं म्हणणं, सही केली की अडकलो. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. पत्ता बरोबर घालून, तिकिटं लावून रजिस्टर पोस्टानं धाडलेलं पत्र मुक्कामी पोचलं, असंच कायदा धरून चालतो. पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला तर कोर्टाच्या लेखी ते आपल्या हातात पडलेलंच असतं. फरक एवढाच, की आत काय लिहिलंय ते मालकाला ठाऊक, दोन्ही वकिलांना ठाऊक, पोस्टाला अंदाजानं ठाऊक, आणि अंधारात फक्त आपण. तेव्हा सही करावी, पोचपावतीचं कार्ड पोस्टमनला परत द्यावं आणि पाकीट फोडल्यावर ते केरात टाकू नये. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेपासून चालतो.

आमची नोटीस आईनं वाचली, मोठ्यानं. वकिली नोटीस मोठ्यानंच वाचली पाहिजे. मनात वाचली तर ती नुसती भीती घालते. 'आमचे अशिलांनी दिले माहितीवरून व केले सूचनेवरून तुम्हास या नोटिशीने कळविणेत येते की,' इथपर्यंत आई एका दमात आली. पुढे 'सदरहू भाडेकरू यांनी भाडे देण्यात हेतुपुरस्सर कसूर केली असून, सदरहू जागेत कायम स्वरूपाचे बेकायदेशीर बांधकाम केले आहे, तसेच त्यांचे वर्तन आमचे अशिलास व शेजाऱ्यांस उपद्रवकारक आहे' असं आलं, तेव्हा ती थांबली.

"सदरहू म्हणजे कोण?"

"आपण."

"आणि अशील?"

"काका."

"मी त्यांना काय उपद्रव दिला? परवा होळीला पोळ्या पाठवल्या खाली."

"ते नोटिशीत नाहीये, आई."

शेवटी, ठराविक मुदतीत जागेचा खुला व शांततामय ताबा न दिल्यास दावा दाखल करू, होणाऱ्या खर्चाची व परिणामाची जबाबदारी तुमच्यावर राहील, आणि या नोटिशीचा खर्चही तुमच्यावर बसवला आहे, अशी सांगता होती. नोटिशीचा तो खर्च आमच्या वर्षाच्या भाड्याहून जास्त होता. त्याखाली 'स्थळप्रत आमचेजवळ ठेवली आहे' हे वाक्य. वकिलांच्या कपाटात आपली एक जुळी प्रत बसली आहे, या कल्पनेनं आईला नोटिशीतल्या बाकी मजकुरापेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

इथे थोडं सावरून बसावं लागतं. नोटीस म्हणजे घराबाहेर काढणं नव्हे. मालकानं बोललेलं ते पहिलं वाक्य. शेवटचं वाक्य बोलण्याचा अधिकार त्याला नाही, त्याच्या वकिलाला नाही आणि पोलीस चौकीलाही नाही. नोटिशीनंतर दावा, दाव्यात समन्स, आपली कैफियत, मग मुद्दे, पुरावे, उलटतपास, निकाल, निकालावर अपील, त्यानंतर दरखास्त, आणि मग कधी तरी ताबा वॉरंट हातात घेऊन बेलिफ. या रांगेत नोटिशीचा नंबर इतका अलीकडे आहे, की बेलिफाच्या जागेवरून ती दिसतही नाही. गंमत म्हणजे भाडे कायद्याखालच्या दाव्याला भाडेपट्टा संपवणारी नोटीस आधी द्यावीच लागते असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं १९७९ सालीच तसं ठरवून टाकलं आहे. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी तेवढी करावी लागते. तरीही मालक लोक साग्रसंगीत नोटीस देतात, सगळी कारणं घालून देतात. दावा लावण्यापूर्वी एकदा तरी मनातलं सगळं बोलून घ्यावंसं वाटत असेल, आणि ते स्वतःच्या तोंडानं बोलवत नसेल.

आमच्या वकिलांनी नोटीस वाचायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, "पावत्या आहेत?" भाडेकरूचे वकील भेटल्यावर कुशल विचारत नाहीत, पावत्या विचारतात. आमच्याकडे त्या होत्या. वडिलांनी तारेत ओवून ठेवलेल्या, वर्षावर्षाच्या जुड्या. फक्त १९६१च्या जुलैआधीच्या नव्हत्या. बारा जुलैला पानशेत फुटलं तेव्हा वाड्यात माडीपर्यंत पाणी होतं. आमची ट्रंक गेली आणि काकांच्या वडिलांची कागदपत्रांची पेटीही गेली. मूळ भाडेचिठ्ठी कोणत्या अटींवर लिहिली होती हे त्यामुळे दोन्ही घरांत कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच दिवशी, एकाच पाण्यात मुळा-मुठेच्या संगमाकडे गेला होता.

भाडं थकवल्याचा आरोप हा तसा सोपा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा; अंमल ३१ मार्च २००० पासून. त्यात थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस जाईपर्यंत मालकाला त्या कारणावर दावाच लावता येत नाही. जुन्या कायद्यात ही मुदत एक महिना होती. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी बाकी द. सा. द. शे. पंधरा टक्के सरळ व्याजानं कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नेमानं भरत राहिलं, तर त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. पण आमची थकबाकी होती कुठे? काकांनीच दिवाळीपासून भाडं घेणं बंद केलं होतं. मी पैसे घेऊन खाली गेलो की ते म्हणत, "राहू दे रे, पुढच्या महिन्यात एकदम बघू." मला तो मोठेपणा वाटत होता. आईला वाटला नाही. तिनं दुसऱ्याच महिन्यापासून खालच्या मजल्याला मनीऑर्डर सुरू केली होती. पोस्टमन ती घेऊन काकांपुढे उभा राही, काका नको म्हणत, पोस्टमन शेरा मारून परत वर येई, आणि आई ती परत आलेली मनीऑर्डर वडिलांच्या तारेत ओवे. आमच्या वकिलांनी ती जुडी हातात घेतली आणि आईकडे बारमध्ये नवीन आलेल्या हुशार ज्युनिअरकडे पाहावं तसं पाहिलं.

मग उत्तर. उत्तराची भाषा नोटिशीच्या भाषेहून गरम ठेवायची असते, अशी रीत दिसते. 'तुमचे अशिलांची नोटीस खोटी, खोडसाळ, बेकायदेशीर व वस्तुस्थितीचा विपर्यास करणारी असून ती आमचे अशिलास मान्य व कबूल नाही.' त्यानंतर परिच्छेदवार समाचार. परिच्छेद एकमधला मजकूर, म्हणजे वाडा त्यांचा आहे हे, खरे. परिच्छेद दोन अंशतः खरा. तीनपासून पुढे सगळं साफ खोटं. हे उत्तर द्यायलाच हवं का, असं मी विचारलं. नाही दिलं म्हणून जागा जात नाही, वकील म्हणाले, पण उद्या पिंजऱ्यात उभे राहाल तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल: नोटीस मिळाली, मग तेव्हाच का नाही बोललात?

'कायम स्वरूपाचे बेकायदेशीर बांधकाम' म्हणजे आमचा स्वयंपाकाचा ओटा. आजी बसून स्वयंपाक करायची. आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा वडिलांनी भिंतीला लागून दोन बाजूंना विटा रचून वर काळा कडप्पा बसवला, खाली डबे ठेवायला एक फळी, आणि आई उभी राहिली. त्या उभं राहण्यानं कायद्याचा भंग झाला असं नोटिशीचं म्हणणं. वास्तविक गवंडी काकूंनीच सुचवलेला, आणि ओटा झाल्यावर त्या येऊन, हात फिरवून, उंचीचं माप आपल्या कमरेला लावून गेल्या होत्या. महिन्याभरात खाली तसाच ओटा झाला. पण मला चकित केलं ते कायद्यानं. मालकाच्या परवानगीशिवाय कायम बांधकाम केलं तर जागा जाऊ शकते, असं सोळाव्या कलमात आहे खरं. त्याच कलमाच्या खुलाशात मात्र, काय केलं तर ते कायम बांधकाम धरायचं नाही याची यादी आहे, आणि तीत लाकडी पार्टिशन, दरवाजा, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं यांच्या मांडीला मांडी लावून उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बसला आहे. जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी तेवढी हवी. विधानमंडळात बसून कुणी तरी, कधी तरी, बायकांच्या गुडघ्यांचा विचार केलेला आहे. विश्वास बसत नसेल तर कायदा उघडून पाहा. मी आईला तो उतारा वाचून दाखवला. "मग माळ्याचं लिहिलंय का?" तिनं विचारलं. माळ्याचं लिहिलेलं नव्हतं. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

दुसरं एक कलम आमच्या वाड्यात फार लोकप्रिय होतं. दाव्याच्या आधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नसेल तर मालकाला ती परत मागता येते. त्यामुळे ज्यांची मुलं बंगळुरात किंवा अमेरिकेत, अशी म्हातारी बिऱ्हाडं तिकडे गेली तरी इथे लाइट बिल पडतं ठेवून जात. म्हणजे शेजाऱ्याकडे किल्ली देऊन, संध्याकाळी एक दिवा लावायला सांगून. युनिट अगदीच कमी आले तर वकील रागावत. पलीकडच्या आजोबांचा नातू सुट्टीत त्यांच्या रिकाम्या खोलीत पंखा लावून अभ्यास करायचा तो हवेसाठी नव्हे, पुराव्यासाठी. एका बाजूला मीटरवर नजर ठेवणारे काका, दुसऱ्या बाजूला मीटर फिरता ठेवणारी बिऱ्हाडं. वीज मंडळानं मधल्या मधे बरंच कमावलं असणार.

आता खरं दुखणं. नोटिशीत बारा कारणं घातलेली असली तरी त्यात खरं एकच असतं, आणि ते बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लाजून उभं असतं. आमच्या नोटिशीत ते असं होतं: 'आमचे अशिलांचे कनिष्ठ चिरंजीवांचा विवाह निश्चित झाला असून त्यांचे कुटुंबास जागेची नितांत, खरीखुरी व प्रामाणिक गरज आहे.' आणि हे खरं होतं. धाकट्याचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्याला वाढप मीच केलं होतं. एवढ्या मोठ्या वाड्याच्या मालकाच्या घरी नवऱ्या मुलाला पडदा लावून झोपायला एक खोली नव्हती, कारण वाड्यातल्या बाकी सगळ्या खोल्यांत आम्ही होतो.

या जागी कायदा एक विलक्षण काम करतो. मालकाची गरज खरी ठरली तरी तो लगेच निकाल देत नाही. तराजू काढतो. भाडेकरूला बाहेर काढल्यानं त्याचे जे हाल होतील ते मोठे, की जागा न मिळाल्यानं मालकाचे होतील ते? पारडं भाडेकरूकडे झुकलं तर ताबा नाही. भागापुरता हुकूम करून दोघांचंही निभत असेल तर तेवढाच. हे वाचायला फार न्याय्य वाटतं. व्यवहारात त्याचा अर्थ, दोन सुखवस्तू दिसण्याची धडपड करत आलेल्या कुटुंबांनी भर कोर्टात आपापलं दैन्य मांडायचं. लग्नकार्यात ज्या काकांनी कर्जाचा 'क' काढला नाही, त्यांनी शपथेवर दम्याचा इतिहास सांगितला. आमच्या बाजूनं आईचं ब्लडप्रेशर. दोन्ही सर्टिफिकिटं गल्लीतल्या एकाच डॉक्टरांची. त्यांनी दोन्हींत मनापासून लिहिलं होतं. उलटतपासात मला विचारलं, तुमच्या बायकोच्या माहेरच्यांचा कोथरूडला बंगला आहे हे खरं आहे काय? खरं होतं. तुम्ही तिथे राहू शकता हे खरं आहे काय? या प्रश्नाला मी दिलेलं 'नाही' इतकं उत्स्फूर्त होतं, की न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

काकांची बाजू मी वकिलापुढे कधी मांडली नाही, इथे मांडतो. भाडं बांधून टाकणारा कायदा मुंबईत १९१८ साली आला तो युद्धकाळापुरता म्हणून. १९४७चा कायदाही तात्पुरताच होता. मुदत वाढत वाढत तो पन्नाशी ओलांडून गेला. त्यात भाडं गोठवलं ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं तिथे. त्या दिवशी ज्याचं भाडं चार रुपये, त्याची नातवंडं चार रुपयांच्याच आसपास राहत होती. कौलं बदलायला गवंडी मात्र चालू भावानं येई. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की एके काळी रास्त असलेलं हे गोठवणं आता रास्त राहिलेलं नाही. नवा कायदा आला आणि मालकाला दर वर्षी चार टक्के वाढ मिळाली. चाळीस रुपये भाडं असेल तर ती होते एक रुपया साठ पैसे. पहिल्या वर्षी काका ते साठ पैसे मोजून घ्यायला तयार नव्हते. त्यात त्यांना अपमान वाटला, आणि तो होताच. ज्या माणसाच्या घरपट्टीचा आकडा त्याच्या भाडेवसुलीपेक्षा मोठा आहे, तो आज ना उद्या वकिलाकडे जाणार. आमच्यासारखे सभ्य, पोळ्या पाठवणारे, पावत्या जपणारे भाडेकरू हेच त्याचं मुख्य दुखणं. बेशिस्त भाडेकरू असता तर त्याला काढता तरी आला असता.

दावा चालू असताना एका जिन्यावर राहायचं कसं, याचं उत्तर कलमांत नाही. पहिले काही दिवस काका आणि मी एकमेकांना टाळत होतो. मग लक्षात आलं, की भांडण आता आमच्याकडे उरलंच नाहीये. ते शिवाजीनगरच्या कोर्टात, नंबर पडून, एका फायलीत शांत झोपलेलं आहे. त्याला बघायला दोन वकील आहेत, शिरस्तेदार आहेत. मग जिन्यात आपण कशाला ओझं वाहायचं? त्याआधी जी प्रत्येक टॉवेल, प्रत्येक बादली यांवरून खणाखणी व्हायची ती थांबली; काही वाटलं तर दोघंही "वकिलांना सांगतो" म्हणून मोकळे. कागदावर 'सदरहू' आणि 'अशील' एकमेकांचे गळे धरत राहिले आणि इकडे काकांची रात्रीची गोळी संपली की मी सायकल काढत राहिलो. कोर्टाच्या लांबणीला लोक नावं ठेवतात. मीही ठेवतो. पण हा लांबणीचा एक धर्मादाय उपयोग आहे आणि तो कुठल्याही अहवालात येत नाही.

तारखेच्या दिवशी आम्ही एकाच रिक्षानं जात असू. काकांना बसमध्ये चढवत नसे. कोर्टाच्या फाटकाच्या थोडं अलीकडे उतरायचं, कारण वादी-प्रतिवादी एका रिक्षातून उतरताना दिसले तर दोन्ही वकिलांना वाईट वाटलं असतं. भाडं एकदा त्यांनी द्यायचं, एकदा मी. तिथे मात्र पावती मिळत नसे.

जिन्यातल्या दिव्यावरून एकदा प्रसंग आला. बल्ब गेला आणि कुणी बदलेना. आमच्या वकिलांना मी सहज सांगितलं तर ते खूश झाले. मालकानं अत्यावश्यक सोयी तोडू नयेत असं कलम आहे आणि त्यात पाणी-विजेबरोबर जिन्यातल्या दिव्याचा उल्लेख नावानिशी आहे. बदलू नका, लेखी कळवा, अर्ज करू. मी मसुदा घेऊन घरी आलो तर जिना उजळलेला. आईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब आणून लावला होता. "काकूंना दिसत नाही रे संध्याकाळी," ती म्हणाली. बल्बची पावती तिनं तारेत ओवली होती, हे सांगायला नको.

दावा शेवटी तडजोड पुरशिशीनं मिटला. बिल्डर आला, वाडा गेला, त्यात कुणाला किती चौरस फूट हा निराळा आणि अतिशय रुक्ष विषय आहे.

हल्लीच्या पोरांना हा सगळा प्रकार पुराणकथा वाटतो, आणि त्यांचं बरोबर आहे. माझी भाची वाकडला राहते. मध्ये तिचा फोन आला, "मामा, नोटीस आलीये." मी पाकीट जपून ठेव म्हणालो. ते पाकीट नव्हतंच. मालकाचा व्हॉट्सॲपवर निरोप होता, महिनाअखेर फ्लॅट सोडा, खाली हात जोडलेलं चित्र. ना अशील, ना स्थळप्रत. तिच्याकडे आमच्यासारखं कायद्याचं कवच नाही, कारण ती भाडेकरूच नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी ती परवानाधारक. मुदत संपली की निघावं लागतं. न निघालं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि पुढच्या दिवसांचे दुप्पट दरानं पैसे भरावे लागू शकतात. तिथे तराजू नाही, दमा नाही, ब्लडप्रेशर नाही. पण तिची मुदत संपायला पाच महिने बाकी होते. करार लेखी आणि नोंदलेला होता. तो नोंदवणं ही मालकाची जबाबदारी असते. न नोंदवल्यास अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत, शिवाय मालकाला शिक्षेची तरतूद आहे. त्या करारात दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना, असं स्पष्ट कलम. तिनं ते कलम ईमेलमध्ये उतरवून मालकाला पाठवलं, दोन महिन्यांनंतरची तारीख दिली, आणि डिपॉझिट किल्ली देताना त्याच वेळी मिळावं असं लिहिलं. सोबत मीटर रीडिंगचे आणि भिंतींचे फोटो. मालकानं पुन्हा हात जोडले, पण या वेळी 'ओके' म्हणून. सगळं मिळून एका संध्याकाळचं काम. आमची एक कैफियत लिहायला याहून जास्त काळ लागला असता.

तिला मालकाचं नाव विचारलं तर ते करारात पाहून सांगावं लागलं. तो पुण्यात राहतच नाही. तिनं त्याला एकदाच पाहिलं आहे, नोंदणीच्या वेळी, अंगठा देताना. याचं मला जे वाटलं ते मी तिला बोललो नाही. वाड्याच्या आठवणीनं उसासे टाकणारे मामा तिला आधीच पुष्कळ आहेत.

तुम्हाला अशी नोटीस आली, पाकिटातून किंवा फोनवरून, तर आधी आपण भाडेकरू की परवानाधारक ते करार काढून पाहा, तारीख लिहा, मोठ्यानं वाचा, उत्तर लेखी द्या आणि ते मालकाच्या दारात भांडून देऊ नका, पोस्टानं द्या, मग तो खालच्या मजल्यावर राहत असला तरी. २०२५मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा आता पोच हवी असल्यास खिडकीवर तसं सांगून घ्या. आणि खिडकीवर मिळणाऱ्या पावतीचं एक लक्षात ठेवा: ती उष्णतेवर छापलेली असते, वर्ष-दोन वर्षांत कोरी होते, आणि दावे त्याहून जास्त चालतात. घरी जायच्या आधी कोपऱ्यावर तिची झेरॉक्स काढून घ्या.